शिमग्याआधी रानातला गवताचा पट्टा काढायचा आहे

सर्व भाऊबंद आणि माहेरवाशिणींना नमस्कार.

सड्यावरचं (कातळाच्या माळावरचं) गवत पार वाळलंय. शिमग्याला सगळे येतोच, यंदा दोन दिवस आधी या. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आतून १५ फूट रुंदीचं गवत कापून वणव्याची वाट तोडायची आहे. पालापाचोळा माडांच्या आळ्यात घालू, पेटवायचा अजिबात नाही. कोयते, दाताळी घरात आहेत. पायात बूट हवेतच. गडग्याच्या दगडांत फुरसं, म्हणजे विषारी साप, असतं.

आग चढावर वेगाने पळते, म्हणून खालची बाजू आधी. वर ऐन-किंजळाची जुनी झाडं आहेत, आजोबांनी त्यांना कधी कुऱ्हाड लागू दिली नाही. ती जपायचीच.

धूर दिसला तर वनविभागाला १९२६ वर लगेच कळवा. येणाऱ्यांनी जेवणासाठी काकीला आधी सांगा.