आधी कागद दाखवा: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना सोलापुरातून खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : मराठी चित्रपटांच्या अनुदानाला एक अट जोडण्याबाबत

महोदय,

विषयाची ओळ वाचून हे पत्र अनुदानाच्या फायलीला टाचलं जाईल आणि तिथेच राहील, याची मला कल्पना आहे. म्हणूनच ते उघड लिहितोय. आणि ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. मला पडद्यावरच्या नग्न दृश्यांबद्दल बोलायचं आहे. खरं तर ती दृश्यं करणाऱ्या बाईबद्दल.

आम्ही सात-आठ जण रविवारी सकाळी पार्क चौकात चहाला जमतो. सगळ्यांना बांधणारा धागा एकच, सिनेमा. मी सुताच्या दुकानात हिशेब लिहितो. एक निवृत्त वायरमन आहेत, शाळेतल्या एक बाई आहेत, पूर्व भागातले दोघे यंत्रमागवाले आहेत. हे दोघे तेलुगू सिनेमा पहिल्याच दिवशी पाहून येतात आणि आम्ही नको नको म्हणत असताना शेवटासकट सांगून टाकतात. शिवाय हौशी रंगभूमीवर आयुष्य घालवलेले आमचे अण्णा. मध्यंतरी एका रविवारी विषय निघाला मारिया श्नायडरचा.

तुम्हाला ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगतो. बर्नार्दो बेर्तोलुच्चीच्या ‘लास्ट टँगो इन पॅरिस’ (१९७२) या चित्रपटाची ती नायिका. वय १९. समोर मार्लन ब्रँडो, वय ४८. चित्रपटात नग्नता बरीच आहे, पण तो गाजला आणि बदनाम झाला तो एका बलात्काराच्या दृश्यामुळे. त्यात लोणी वापरायचं, ही कल्पना दिग्दर्शक आणि नायक या दोघांनी त्याच दिवशी सकाळी काढली आणि मुलीला आधी विश्वासात घेतलं नाही. दृश्यातला संभोग अभिनयच होता. तिचे अश्रू मात्र खरे होते. २००७ साली एका मुलाखतीत तिने हे सगळं सांगितलं. नंतर कोणी तिची समजूत काढली नाही, माफीही मागितली नाही. २०११ मध्ये ती गेली, ५८ व्या वर्षी.

त्याच मुलाखतीत ती आणखी एक गोष्ट म्हणाली होती, आणि माझं सगळं पत्र तिच्यावरच उभं आहे. ती म्हणाली, मी तेव्हाच माझ्या एजंटला किंवा वकिलाला सेटवर बोलवायला हवं होतं. पटकथेत नसलेली गोष्ट कोणावर लादता येत नाही. पण हे मला त्या वेळी माहीतच नव्हतं.

आमच्यात लगेच दोन तट पडले. वायरमन म्हणाले, “पैसे घेतले, नाव झालं, मग चाळीस वर्षांनी रडून काय उपयोग?” यंत्रमागवाल्यांपैकी धाकटा त्यांना म्हणाला, “काय बे काका, एकोणीस वर्षांची पोर होती की ती.” मग दिग्दर्शकाच्या स्वातंत्र्याचा मुद्दा आला, तो येतोच. २०१३ मध्ये बेर्तोलुच्चीने आपली बाजू मांडली होती. त्याला नटीची प्रतिक्रिया नको होती, एका मुलीची हवी होती. अपराधी वाटतं, पण पश्चात्ताप नाही, असंही तो म्हणाला. हे ऐकून अण्णा कप खाली ठेवून म्हणाले, “मग नटी घेतलीच कशाला? मी हुतात्मा स्मृती मंदिरात तीन वेळा विष पिऊन मेलोय. दिग्दर्शकाने चहात खरं विष घातलं असतं तर त्याला कलावंत म्हटलं असतं का तुम्ही?”

आणि एवढ्यात आमच्यातल्याच एकाने मोबाइल काढला. “कुठलं दृश्य ते? थांबा, दाखवतो.” संदर्भासाठी, म्हणे. स्क्रीन आमच्याकडे वळवणार, तोच शाळेतल्या बाईंनी त्यावर पालथा हात ठेवला. एक शब्द बोलल्या नाहीत. जिला ते दृश्य आयुष्यभर छळत राहिलं तिच्याबद्दल हळहळत आम्ही बसलो होतो, आणि हळहळ पुरती व्हावी म्हणून तेच दृश्य पाहायला निघालो होतो.

त्या माणसाला नावं ठेवायचा अधिकार मला नाही. कॉलेजात असताना वर्गाला दांडी मारून मी मॉर्निंग शोला गेलो आहे. फक्त प्रौढांसाठी, असं पोस्टरवर लिहिलेलं असायचं आणि आम्ही वयाने प्रौढ नसायचो. मधेच दोन-तीन मिनिटांचा भलताच तुकडा यायचा, कथेशी ना संबंध ना गोत्र. थिएटरात शिट्ट्या. ती बाई कोण, तिला विचारून तो तुकडा तिथे जोडला का, असा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. पन्नाशी उलटल्यावर आला, हे कबूल करतो.

आता कायद्याकडे येतो. मी वकील नाही, पण आयुष्य कागद वाचण्यात गेलंय.

आपल्याकडचे चित्रपटाचे कायदे प्रेक्षकाकडे पाहतात. १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा असो की २०२३ ची दुरुस्ती, त्यात सात, तेरा, सोळा अशा वयोगटांची काळजी आहे, चोरून कॉपी करणाऱ्याला तुरुंग आहे. १९९६ मध्ये ‘बँडिट क्वीन’च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तोही नग्न दृश्य पाहणाऱ्याच्या मनात वासना जागवतं की चीड, या कसोटीवर. निकाल योग्यच होता. पण कॅमेऱ्यासमोर जी उभी राहिली तिला काय आणि कधी सांगितलं होतं, हा प्रश्न प्रमाणपत्राच्या वाटेवर कुठे लागतच नाही. इटलीनेही वेगळं केलं नाही. तिथल्या न्यायालयाने १९७६ मध्ये ‘लास्ट टँगो’च्या प्रती नष्ट करायला सांगितल्या, दिग्दर्शकाचे नागरी हक्क पाच वर्षं काढून घेतले. कारण काय, तर अश्लीलता. म्हणजे शिक्षा झाली ती लोकांची नीती बिघडवल्याबद्दल.

मग बाईकडे पाहणारा कायदा कोणता? स्वामित्व हक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा, १९५७ चा. त्यात २०१२ मध्ये कलाकारांच्या हक्कांसाठी कलम ३८-अ आलं. त्याचा मथितार्थ असा : कलाकाराने एकदा लेखी कराराने आपला अभिनय चित्रपटात घ्यायला संमती दिली, की करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर निर्मात्याने तो वापरण्यावर त्याला हरकत घेता येत नाही.

करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर. सगळी मेख इथे आहे.

माझ्या नात्यातल्या एका मुलीला गेल्या वर्षी एका वेबसिरीजचं काम आलं. जेऊरच्या नागराज मंजुळेंनी ‘फँड्री’ केला, तेव्हापासून आमच्या जिल्ह्यातल्या पोरांना मुंबई लांब वाटत नाही. करमाळ्यातून, बार्शीतून, मंगळवेढ्यातून मुलं-मुली ऑडिशनला जातात, आणि जावंच. (शशिकला सोलापूरच्याच. त्यांच्या काळात इथून मुंबईला जायला काय छाती लागली असेल!) तर या मुलीने करार मला दाखवला, आकड्यांची कामं मी करतो म्हणून. अकरा पानं, सगळी इंग्रजीत. नवव्या कलमात होतं की कथानकाच्या गरजेनुसार दिग्दर्शक सांगेल ते प्रत्येक दृश्य करायला कलाकार बांधील राहील. गरज कोण ठरवणार? दिग्दर्शक. पटकथा? ती दिलीच नव्हती. मुलीने फोन करून विचारलं, यात अंगप्रदर्शन आहे का, असेल तर किती, तेवढं लिहून द्याल का? पलीकडून उत्तर आलं, “आमच्यावर विश्वास नाही का तुझा?” तिने काम सोडलं. तिच्या जागी दुसरी कोणी गेली असेल. तिने नववं कलम वाचलं असेल का, ते मला माहीत नाही.

माझ्या आईने बिड्या वळल्या. कारखान्यात बिड्या छाटायचे, म्हणजे नापास करून बाजूला काढायचे, आणि त्या दिवशी घरात चूल कशी पेटायची ते मी पाहिलंय. पण बिडी कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६६ चा कायदा होता, आणि नापास बिड्यांवरून वाद झाला तर तो कोणापुढे न्यायचा, हे त्यात लिहिलेलं होतं. कायदा किती पाळला जायचा हा निराळा विषय, त्यावर दुसरं पत्र होईल. पण वळलेल्या बिडीवरून दाद मागायची जागा सरकारने कागदावर तरी ठेवली होती. अंगावरच्या कपड्यांवरून वाद झाला तर नटीने कोणाकडे जायचं?

इथे एक भेद करतो, जो त्या रविवारी आमच्याकडून सुटला होता. पश्चात्ताप दोन प्रकारचा असतो. एखादीने सगळं समजून-उमजून दृश्य केलं आणि वीस वर्षांनी, मुलं मोठी झाल्यावर, तिला वाटलं की करायला नको होतं. हा तिचा तिच्याशी हिशेब आहे, त्यात सरकारचं काम नाही. दुसरा प्रकार, जिला सांगितलं एक आणि करून घेतलं भलतंच. त्याला आपण सवयीने पश्चात्ताप म्हणतो. तो शब्दच चुकीचा आहे, कारण पश्चात्ताप स्वतःच्या करणीचा होतो.

अमेरिकेत नट-नट्यांच्या संघटनेच्या नियमाने अशा दृश्यांसाठी करारासोबत वेगळी पुरवणी लागते. काय दिसेल, किती दिसेल, ते आधी लेखी. चित्रीकरण होईपर्यंत कलाकाराला माघारही घेता येते. अशी दृश्यं नृत्यासारखी आधी बसवून घेणारी, नटीच्या बाजूने उभी राहणारी तज्ज्ञ माणसं असतात. आपल्याकडेही २०२२ च्या ‘गहराइयाँ’साठी असं माणूस नेमलं होतं, श्रेयनामावलीत नाव होतं. म्हणजे हिंदीतल्या बड्या निर्मात्याला हे जमतं. बड्या नायिकेला तर वकीलही असतो. प्रश्न आमच्या बार्शीच्या मुलीचा आहे.

तुम्ही म्हणाल, कॉपीराइट केंद्राचा, प्रमाणपत्रही केंद्राचं. मान्य. पण मराठी चित्रपटांचं अनुदान तुमच्या खात्यातून जातं. त्यासाठी निर्माता कागदांचा गठ्ठा जोडतोच. त्यात एक कागद वाढवा. चित्रपटात नग्न किंवा शरीरसंबंधाचं दृश्य असेल, तर कलाकाराने चित्रीकरणाच्या पुरेसं आधी सही केलेली मराठी पुरवणी. तिच्यात दृश्याचं वर्णन, कॅमेऱ्यात काय येईल, सेटवर कोण कोण असेल, आणि संकलनानंतर ते दृश्य आधी तिला दाखवलं जाईल, हे वाक्य. उरलेल्या चित्रफितीचं काय करायचं, तेही त्यातच. तो कागद नसेल तर अनुदानाचा हप्ता नाही. यासाठी विधानसभेत विधेयक आणावं लागत नाही. शासन निर्णयाची दोन पानं पुरतात, आणि तुमच्या खात्यात ती रोज निघतात.

त्याच निर्णयात आणखी एक ओळ घालता आली तर पाहा. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती हवी, हा कायदा २०१३ चा आहे. चित्रपटाचं युनिटही त्यात येतं, असं केरळ उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये सांगितलं. अनुदान मागणाऱ्याने त्या समितीची नावं अर्जातच द्यावीत. नवी समिती, आयोग वगैरे मात्र नेमू नका, ही हात जोडून विनंती. केरळात चित्रपटसृष्टीतल्या बायकांचे प्रश्न तपासायला हेमा समिती नेमली २०१७ मध्ये, तिने अहवाल दिला डिसेंबर २०१९ मध्ये आणि लोकांना तो वाचायला मिळाला ऑगस्ट २०२४ मध्ये.

मोबाइलवर फिरणाऱ्या तुकड्यांचं काय, असं शाळेतल्या बाईंनी विचारायला सांगितलंय. तक्रार आल्यावर नग्न चित्रण २४ तासांत काढायचं, असा नियम २०२१ मध्ये आला. पण बैल गेला आणि झोपा केला, अशातली ती गोष्ट. एका ठिकाणचं काढेपर्यंत दहा ठिकाणी गेलेलं असतं, आमच्या चहाच्या टेबलापर्यंतसुद्धा.

शेवटी एक भीती, कारण असं पत्र कोणीही आपल्या सोयीने वापरू शकतं. आम्हाला कात्री नको आहे. २०१७ मध्ये रवी जाधव यांचा ‘न्यूड’ गोव्याच्या महोत्सवातून ऐन वेळी वगळला गेला. परीक्षकांनी निवडलेला, आणि तोही चित्रकलेच्या वर्गात मॉडेल म्हणून बसणाऱ्या, त्या कष्टावर पोराला वाढवणाऱ्या बाईचा सिनेमा. पुढच्या वर्षी तो प्रदर्शित झाला तेव्हा आम्ही सगळे मिळून पाहिला आणि बाहेर आल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. उद्या तुमच्या खात्यातल्या कोणी या अटीचा आधार घेऊन अशा सिनेमाचं अनुदान अडवलं, तर आम्हीच पुन्हा पत्र लिहू, आणि ते एवढं नम्र नसेल. दृश्य असावं की नसावं, हे दिग्दर्शकाने आणि नटीने ठरवावं. त्यांच्यातल्या एकीला ते आधी माहीत असावं, एवढंच मागणं आहे.

वायरमनकाकांचं मत अजून बदललेलं नाही. पण या पत्रावर सही त्यांनीही केली. का, विचारल्यावर म्हणाले, “लेखी असलेलं बरं असतंय.”

आपला,
सुताच्या दुकानातला एक हिशेबनीस, आणि रविवारची मंडळी
सोलापूर

सोबत : वर उल्लेखलेल्या कराराच्या नवव्या कलमाची छायाप्रत (नावं खोडून), आणि त्याचं आम्ही केलेलं मराठी भाषांतर. चार ओळींचंच आहे.