शूटिंगवाल्या दादांना, चौथीच्या बाईंकडून

दादा,

लग्नसराईत तुम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते, हे बेळगावकडच्या आपल्या खानापूर तालुक्यात कुणालाही विचारावं. तरी विजेपासून कसं वाचायचं यावरच्या चौथीच्या पोरांच्या लुटूपुटूच्या मुलाखती शूट करायला तुम्ही खरा कॅमेरा घेऊन आलात.

तुमच्याआधी बरेच उंबरे झिजवले होते. मराठी शाळा टिकली पाहिजे म्हणून व्यासपीठावर गळा काढणारे एक जण 'बघू' म्हणाले. दुसरे आले, पोरांसोबत फोटो काढून घेतला आणि गेले ते गेलेच. तुम्ही घरी कानडी बोलणारे, आमच्या शाळेशी नातं ना गोतं.

वळवाच्या दिवसांत गडगडाट ऐकला की पक्क्या घरात जायचं, झाडाखाली थांबायचं नाही, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आले. पोरं वहीत उतरवायची आणि विसरायची. या वेळी मात्र हातात माईक होता. "काका, आंब्याखाली का थांबलात?" "भिजू नये म्हणून." "उंच झाडावर वीज पडली तर ती खोडातून, जमिनीतून तुमच्यापर्यंत येते, ठाऊक आहे का?" यावर शेतकरी झालेल्या पोरानं डोक्यावरचं पोतं सावरत विचारलं, "मग म्हशीचं काय?" माझ्या टाचणात हा प्रश्नच नव्हता! म्हशीलाही झाडाखाली बांधायचं नाही, असं पोरांनीच ठरवलं.

पण पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. हवामान खात्याचा साहेब झालेला मुलगा बोलताना अडखळतो. 'वीज चमकल्यापासून सेकंद मोजा, आवाज तीन सेकंदांनी आला तर वीज साधारण एक किलोमीटरवर आहे,' एवढंच त्याला सांगायचं होतं. पहिल्याच 'वी'वर गाडी अडली. मागच्या रांगेत खुसखुस सुरू झाली. तेवढ्यात तुम्ही हात वर केलात, "थांबा थांबा, माझी बॅटरी गेली." सगळ्या पोरांना पाणी प्यायला पिटाळलंत, त्याच्याशेजारी पायरीवर बसून निवांत लेन्स पुसत राहिलात. मी मागेच उभी होते, दादा. बॅटरी भरलेली होती.

नंतर तो बोलला. दोनदा अडखळला, पण शेवटपर्यंत बोलला, आणि तुम्ही एडिटिंगमध्ये त्यातलं काही कापलं नाहीत. पालकसभेत ते दाखवलं तेव्हा कुणी हसलं नाही. रेड अलर्ट म्हणजे शाळेला सुट्टी, एवढंच समजणारा वर्ग आता आभाळ चमकलं की मोठ्यानं सेकंद मोजतो.

असा समंजसपणा शिकून येतो की घरातूनच मिळतो, कुणास ठाऊक. मोठ्या मोठ्या पदांवरच्यांकडे तो मला फारसा दिसला नाही.

पावसाळ्यात मलप्रभेच्या पुराचा भाग करायचा म्हणून पोरं मागे लागली आहेत. २०१९ चा पूर घरोघर आठवणीत आहे, तेव्हा मुलाखत द्यायला आज्या-आजोबा तयारच आहेत. फोन करीन. आणि पेट्रोलचे पैसे घेतल्याशिवाय या वेळी तुम्हाला फाटकाबाहेर सोडणार नाही, सांगून ठेवते.

तुमची,
चौथीच्या वर्गाची बाई