फ्लेवर्ड मीठ घरी करा, पण त्याला 'हेल्दी' म्हणू नका

मा. संपादक,
नमस्कार. पुरवणीत घरच्या घरी 'हेल्दी' फ्लेवर्ड सॉल्ट (म्हणजे मसाला-पानं घालून केलेलं मीठ) करायची कृती छापलीत ते छान झालं, कारण मॉलमध्ये एवढ्याशा बाटलीचे जे पैसे लावतात ते बघून हात मागेच येतो. पण कोथिंबीर धुवा, मिठाबरोबर मिक्सरला फिरवा आणि बरणीत भरा, एवढ्यावर कृती संपवलीत, ते काही बरोबर नाही. मीठ ओल्या पानांतलं पाणी ओढून घेतं, थोड्याच वेळात बरणीत हिरवं खारं पाणी सुटतं आणि मग लोक म्हणतात आमचं बिघडलं.

उत्तराखंडात हे पिढ्यान् पिढ्या करतात, तिकडे पिस्यूं लूण म्हणतात. सिलबट्ट्यावर (आपला पाटा-वरवंटाच) खडे मीठ, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, जिरं, कुठे कुठे भाजलेलं भांगेचं बी पण घालतात, त्या बियांनी नशा वगैरे होत नाही, घाबरू नका. काकडीवर, मोठ्या लिंबाच्या फोडींवर, नाहीतर मंडुव्याच्या म्हणजे नाचणीच्या भाकरीबरोबर खायचं. लगेच खायचं असेल तर ओलंच चालतं पण टिकवायचं असेल तर वाळवावंच लागतं, ताटात पातळ पसरून कडक उन्हात, मधेमधे हात फिरवून गुठळ्या मोडायच्या, पूर्ण कोरडं झालं की परत एकदा कुटायचं. मिक्सरच वापरायचा तर थांबून थांबून फिरवा, नाहीतर पातं गरम होऊन वास जातो आणि मिठाचं पीठ होतं ते वेगळंच.

आणि हे पावसाळ्यात करायला जाऊ नका. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढायला लागतं, मुंबई-कोकणात जुलैमध्ये काय होतं ते सगळ्यांना माहितीये. मार्च-एप्रिलचं ऊन बेस्ट.

कोरड्या मसाल्याचं तर फारच सोपं. चार भाग मीठ, एक भाग मसाला. भाजलेलं जिरं-मिरी, सावलीत वाळवून कुरकुरीत झालेला कढीपत्ता, लिंबाची किसलेली साल (फक्त पिवळी, पांढरा भाग आला की कडू), लसूण-लाल मिरची. रोझमेरी-थाइम आणायला कशाला पळायचं, मला कळत नाही. माझं आवडतं म्हणजे तिरफळाचं मीठ, काळी बी काढून टाकायची, नुसती सालं मिठाबरोबर कुटायची, तळलेल्या बांगड्यावर चिमूटभर. पहाडातलं तिमूर आणि आपलं तिरफळ एकाच वंशातलं, त्यामुळे दोन्हीकडे जीभ तशीच झिणझिणते.

आता 'हेल्दी'चं. मीठ ते मीठच. डब्ल्यूएचओ म्हणतं मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी खावं, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर सुद्धा नाही आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. वरच्या प्रमाणात केलंत तर पाचवा हिस्सा मसाला असतो, तेवढंच काय ते मीठ कमी जातं, ते पण तुम्ही चव आवडली म्हणून दुप्पट भुरभुरलं नाहीत तर. बीपीवाल्यांना 'हर्बल आहे, खा' असं कृपया सांगू नका.

गुलाबी मिठाचं पण तेच. तो रंग लोहामुळे येतो आणि त्यातली बाकीची खनिजं इतकी किरकोळ की त्यासाठी ते खायचं म्हणजे आधी मीठच किलोभर खावं लागेल. खरं लक्ष द्यायचं ते आयोडीनकडे, त्याबद्दल लेखात एक ओळ नाही! २००६ पासून आपल्याकडे थेट खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला बंदी आहे, पण मिठागराजवळ रस्त्यावर मिळणारं खडे मीठ किंवा सैंधव यात बहुतेक वेळा आयोडीन घातलेलं नसतं. म्हणून रोजच्या भाजी-आमटीत आयोडीनयुक्त मीठच राहू द्या, हे असलं मीठ वरून घ्यायला थोडंसं, एका वेळी छोटी बाटली, बस.

पुढच्या वेळी कृती छापताना वाळवायची पायरी आणि आयोडीनची एक ओळ तेवढी घाला. आणि तिरफळाचं मीठ कोणी करत असेल तर कशावर घेता ते कळवा, मला बांगड्याच्या पुढे अजून काही सुचलेलं नाही.

— एक वाचक, ठाणे