वरच्या सा च्या मागे लागू नकोस

पंचवटी, नाशिक

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर म्हणालास ना, की ट्रंपेटवर वरचा सा लागायला लागला पण दहा मिनिटांत ओठ गळतात, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून लिहायला बसलो.

आधी माझं ऐक. दोन वर्षांपूर्वीच्या लग्नसराईत मी दिवसाला दोन-दोन वराती वाजवायचो. शेजारी नाशिक ढोल सुरू असला की आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही, मग माणूस जोर लावतो, ट्रंपेट ओठांवर दाबतो, मीही दाबला. आधी ओठाच्या आत दातांचे वळ, मग जखम, आणि मेच्या शेवटी साधा मधला प सुद्धा फुसफुसायला लागला. त्या रात्री रडलो रे मी. महिनाभर ट्रंपेटची पेटी उघडलीच नाही आणि नंतर अगदी शून्यापासून सुरुवात केली, म्हणून तुला एवढं कळकळीनं सांगतोय.

सगळ्यात आधी आराम. जेवढा वेळ वाजवलंस तेवढा वेळ ट्रंपेट खाली ठेवायची, पंधरा सेकंद सूर तर पंधरा सेकंद शांत. दाबानं ओठातलं रक्त अडतं, ते परत यायला वेळ लागतो, आणि थकलेल्या ओठानं वाजवत राहिलं की शरीर दाबायचीच सवय लावून घेतं.

सकाळी मोबाईलवर तानपुरा काळी पाचला, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला लावतो, कारण आपल्या बी फ्लॅट ट्रंपेटचा मोकळा, पिस्टन न दाबता लागणारा सा तिथेच बसतो, आणि लांब सूर धरतो, अगदी हळू आवाजात. हळू वाजवणं जोरात वाजवण्यापेक्षा अवघड आहे, करून बघ. थंडीत आधी नळीत नुसती गरम हवा सोड, ट्रंपेट गार असली की सूर उतरलेला असतो.

आता तुझा वरचा सा. शीळ घालताना सूर चढवायचा असला तर तू ओठ आवळत बसतोस का? जीभ वर जाते, खालच्या सुराला आ, वरच्याला ई. ट्रंपेटवर पण तेच. एकही पिस्टन न दाबता सा, प, वरचा सा, ग असा चढ आणि उतर, मध्ये जीभ मारायची नाही, फक्त हवा आणि आ-ई. नंतर तेच दुसरा पिस्टन दाबून, मग पहिला, असं पिस्टनच्या सातही जोड्यांवर. रोज दहा मिनिटं पुरेत. वर जाताना दाब वाढतोय असं वाटलं की तिथेच थांब, तो सूर आज आपला नाही.

बोटांसाठी मी हर्बर्ट क्लार्कचे अभ्यास वाजवतो. हा माणूस अमेरिकेतल्या जॉन फिलिप सूझाच्या बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटसारखंच वाद्य, वाजवायचा, पुस्तक १९१२ सालचं आहे. छोटासा तुकडा, एकदम हळू आवाजात, एका श्वासात जितक्या वेळा बसेल तितक्या वेळा. बोटं उचलून पिस्टन पूर्ण दाबायचे, अर्धवट नाही. आपले पलटे घोटतो तसंच आहे बघ, पहिल्या आठवड्यात कंटाळा येतो आणि तिसऱ्यात बोटं आपोआप पळतात. मेट्रोनोम (लय देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर, चूक झाली की अजून खाली.

जलद सुरांसाठी जिभेनं त-क त-क करणं जमत नाही म्हणालास, तर नुसतं क-क-क कर, कमकुवत तेच असतं. मी सातपूरला ड्युटीला जाताना हेल्मेटच्या आत तेच करतो. आणि पहिला-तिसरा पिस्टन एकत्र दाबला की सूर चढा लागतो, तेव्हा तिसरी स्लाइड, म्हणजे तिसऱ्या पिस्टनची सरकती नळी, थोडी बाहेर काढ.

तुझ्यात सूर आहे, शाळेच्या गॅदरिंगपासून माहितीये मला. म्हणूनच ओठ घालवू नकोस. नवीन माउथपीस पण आत्ता घेऊ नकोस, तुझा ७सी मापाचा व्यवस्थित आहे, पैसे ठेव.

पुढच्या रविवारी ये, सकाळी गंगापूर धरणाकडे जाऊ, तिथे मोकळ्यावर वाजवायला बरं वाटतं, येताना मिसळ. तोपर्यंत आज रात्री आरशात ओठाच्या आतून बघ. वळ असतील तर उद्या ट्रंपेटला हात लावू नकोस आणि मला फोन कर.

तुझाच,
पंचवटीवाला