नोंद कमी म्हणजे गुन्हे कमी नव्हेत

संपादक महोदय,

लैंगिक अत्याचारांच्या पोलिसी नोंदी घटल्या की ‘गुन्हे घटले’ असा मथळा होतो. नोंदवहीत मोजल्या जातात त्या तक्रारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधील अंदाजानुसार जगभरातल्या १५ वर्षांवरील सुमारे ३० टक्के स्त्रियांनी आयुष्यात कधी तरी जोडीदाराकडून शारीरिक वा लैंगिक, किंवा इतरांकडून लैंगिक हिंसा सोसलेली असते. हा आकडा पाहण्यांमधून येतो, आणि तिथेही सगळी भिस्त प्रश्नावर. ‘बलात्कार झाला का?’ असं विचारलं की अनेकींची मान नकारार्थी हलते. ‘इच्छा नसताना कुणी धाक दाखवून संबंध ठेवले का?’ असं विचारा, त्यांतल्याच काही जणी ‘हो’ म्हणतात. करणारा नवराच असेल तर त्याला अत्याचार म्हणायचं हेही सुचत नाही. घरातलं कुणी दाराआड उभं असेल, तर विचारणं फुकटच.

तक्रार उशिरा आली, अंगावर जखम नाही, की संशय तिच्यावरच. भीतीने शरीर गोठतं, प्रतिकार होतच नाही, हे तपास करणाऱ्यांना तरी ठाऊक हवं.

पुरावा मात्र तक्रारीसाठी थांबून राहत नाही. वैद्यकीय तपासणी शक्यतो ७२ तासांत व्हावी, तोवर अंघोळ टाळावी. कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. प्लास्टिकमध्ये ओल धरून डीएनए खराब होतो. अंघोळ झाली असली तरी जावंच, कारण एचआयव्ही प्रतिबंधक औषधंही ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात.

वृत्तपत्रांनी आकडा तक्रारींचा की पाहणीचा, एवढं तरी शेजारी छापावं.

— एक वाचक