टोक वर केलेला त्रिकोण

प्रिय दिन्या,

सप्रेम नमस्कार.

शिबिरासाठी टीबीचं पोस्टर हवंय, 'नेहमीसारखं, सोपं', असं लिहिलंयस. नेहमीसारखं म्हणजे हसरा डॉक्टर, पडलेल्या चेहऱ्याचा पेशंट आणि खाली 'हे करा, ते करू नका'ची दहा कलमं. असली मीच डझनावारी रंगवलीत. पण आठवडाभर एड्सवरचं एक जुनं पोस्टर डोक्यातून जात नाहीये.

1987 च्या सुरुवातीला न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या भिंतींवर ते खळ लावून चिकटवलं होतं. काळाकुट्ट कागद, मधोमध गुलाबी त्रिकोण, खाली पांढऱ्या अक्षरांत 'सायलेन्स = डेथ', म्हणजे गप्प राहणं हेच मरण. काढणारे सहा मित्र. त्यातल्या एव्हरम फिंकेलस्टीनचा जोडीदार एड्सनेच गेलेला. त्रिकोण कुठला, ठाऊक आहे? नाझींच्या छळछावण्यांत समलिंगी पुरुषांच्या कपड्यांवर शिवायचे तो. तिथे टोक खाली असे, यांनी वर केलं.

आणि खरी मेख तळाच्या बारीक ओळींत. मोठी अक्षरं टॅक्सीतून जाणाऱ्यासाठी, बारीक पायी चालणाऱ्यासाठी. तिथे सरळ विचारलंय, रेगन (तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष) एड्सबद्दल गप्प का? (त्याच ओळींत औषध खात्याचं नावही चुकलंय! मुद्रितशोधनात माझी बोलणी खाल्लेल्या तुला हे वाचून बरं वाटेल.) रोग्याला उपदेशाचा एक शब्द नाही.

मार्चमध्ये एड्सच्या प्रश्नावर लढणारी 'ॲक्ट अप' संघटना उभी राहिली आणि हेच तिचं निशाण झालं. पुढे तिच्यातूनच 'ग्रॅन फ्युरी' हा चित्रकारांचा गट निघाला. नाव उचललं पोलिसांच्या गाडीच्या मॉडेलवरून! 1989 मध्ये त्यांनी चुंबन घेणाऱ्या तीन जोड्या बसवर झळकवल्या, अगदी कपड्यांच्या जाहिरातीसारख्या. मजकूर असा की चुंबनाने कोणी मरत नाही, हाव आणि बेपर्वाई मारते. हाव म्हणजे काय, तर एझेडटी हे एड्सवरचं औषध बाजारात आलं तेव्हा वर्षाला 10 हजार डॉलरच्या घरात पडायचं. शिकागोत त्या चित्रांना लोकांनी रंग फासला.

मागच्या पावसाळ्यात तुमच्याकडे गोळ्या संपल्या होत्या, आठवतं? पेशंट हेलपाटे घालत होते, आणि आपलं पोस्टर भिंतीवरून त्यांनाच बजावत होतं, 'औषध मध्येच सोडू नका'.

म्हणून कच्चं चित्र सोबत पाठवतोय. गोळ्यांची रिकामी स्ट्रिप, त्याखाली 'या महिन्याचं औषध आलं का?' आणि तळाला, औषध नसेल तर कोणाला विचारायचं त्याचा फोन नंबर. ती जागा कोरी ठेवलीय. नंबर कोणाचा, ते तू कळव. साहेब नको म्हणाले तर हसरा डॉक्टर आहेच, तासाभराचं काम.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
बंड्या