निसर्ग पर्यटन आमच्याच मुळावर उठलंय, साहेब

प्रति,
मा. मंत्रीमहोदय,
मंत्रालय, मुंबई.

विषय : देवराईलगतच्या सड्यावर (डोंगरावरच्या उघड्या, खडकाळ पठारावर) चाललेलं 'निसर्ग पर्यटन विकासा'चं काम ताबडतोब थांबवण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार. खात्याचं नाव मुद्दामच लिहिलेलं नाही. काम कुणाचं म्हणून विचारलं की वनवाले पर्यटनाकडे बोट दाखवतात, पर्यटनवाले बांधकामाकडे, आणि बांधकामवाले म्हणतात आम्ही फक्त निविदा काढली. तेव्हा हे पत्र ज्यांच्या टेबलावर पडेल त्यांनी ते आपल्यालाच आलंय असं समजावं.

आमचं गाव जावळीच्या डोंगरात, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या वरच्या अंगाला. गेल्या निवडणुकीच्या आधी इथं एक नारळ फुटला. तेव्हाच्या मंत्र्यांनी (खुर्ची तीच, माणूस वेगळा) माइकवरून सांगितलं होतं : एकही झाड तोडणार नाही, औषधी वनस्पतींचं संवर्धन करू, गावातल्या पोरांना गाइड म्हणून घेऊ, बायकांना होम स्टेला मदत करू. टाळ्या वाजल्या, पेढे वाटले. मागच्या आठवड्यात जेसीबी आला.

पहिल्याच दिवशी त्यानं देवराईच्या खालचा उतार खरवडला. त्या उतारावर नरक्या होता, वावडिंगाच्या वेली होत्या, मुरुडशेंग होती, दमवेल होती. पंचनाम्यात काय लिहिलंय ठाऊक आहे? 'झुडपी वाढ साफ केली.' झाड तोडायचं नाही असं ठरलं होतं ना, मग झाडालाच झुडूप म्हणायचं. कागद स्वच्छ, डोंगर साफ.

दुसऱ्या दिवशी सड्यावर मुरूम पडायला लागला. पार्किंगसाठी. उन्हाळ्यात आमचा सडा बघितला तर काळा-तांबडा जांभा नुसता, वर करपलेलं गवत. सातबाऱ्यावर तो पोटखराबा, म्हणजे पिकाला निरुपयोगी जमीन. ठेकेदाराचा माणूस मला म्हणाला, "मावशी, इथं आहे काय? नुसता दगड." अरे बाबा, त्या दगडाच्या खळग्यात बोटभर माती आहे, त्या मातीत वायतुऱ्याचे कंद झोपलेत, रानहळद आहे, कंदील पुष्पाचे कंद आहेत. पहिले दोन पाऊस झाले की खळग्यात पाणी साठतं आणि महिन्याभरात सगळा सडा जागा होतो. वायतुरा ही पाण्यातली वनस्पती आपल्या सह्याद्रीच्या उत्तर भागाबाहेर जगात कुठंही नाही, आणि तिच्या शास्त्रीय नावात साताऱ्याचं नाव आहे. तिच्यावर आता फूटभर मुरूम आहे. त्यावर रोलर फिरला. पुढं पेव्हर ब्लॉक बसणार आहेत म्हणे, आणि कडेला सिमेंटचे मशरूम, लाल टोपीवाले. निसर्ग बघायला येणाऱ्यांना बसायला.

नरक्या म्हणजे काय ते साहेबांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. 1966 साली अमेरिकेत वॉल आणि वाणी या दोन शास्त्रज्ञांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य वेगळं केलं. तेच द्रव्य आमच्या नरक्यात आहे हे 1972 साली आपल्याच शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. त्यापासून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं होतात. आतड्याच्या, बीजाशयाच्या, फुप्फुसाच्या कॅन्सरवर ती सलाइनमधून देतात. वाळलेल्या लाकडात हे द्रव्य टक्क्याच्याही अंशभरच, म्हणून चिमूटभर औषधाला ढीगभर लाकूड लागतं. नव्वदच्या दशकात व्यापारी आले आणि महाबळेश्वरपासून आंबोलीपर्यंतचा नरक्या पोत्यांतून खाली उतरला. किलोला चिल्लर देत होते. खोडावरून तोडला तर तो परत फुटतो, पण मुळ्यांत हे द्रव्य जास्त म्हणून मुळासकट उपटला. केसेस कुणावर झाल्या? कोयता ज्याच्या हातात होता त्याच्यावर. परदेशात भुकटी पाठवणारा कोण होता ते या डोंगरात आजही कुणी सांगू शकत नाही.

त्या लुटीतून जो वाचला तो देवराईच्या आडोशानं वाचला. देवाच्या धाकानं. वनखात्याच्या धाकानं नव्हे, हे जरा कडू लागेल, पण लागू दे. माझ्या आत्या, म्हणजे सासूबाई, झाडपाल्याचं औषध देतात. कोयना काठच्या वाड्यांतून माणसं यायची, लहान लेकरं घेऊन बाया यायच्या. महाराष्ट्रात अशी आई सापडणार नाही जिनं तान्ह्या बाळाला वावडिंगाचं पाणी दिलं नाही. साहेब, तुम्हीही ते पिऊनच मोठे झालात. आत्यांनी उतारावरच्या वेलींचं फळ कधी पुरतं उतरवू दिलं नाही. वरचं पाखरांना, मधलं आपल्याला, खालचं मातीला. एवढाच त्यांचा व्यवस्थापन आराखडा, आणि त्याला सल्लागार नेमावा लागला नव्हता. परवा त्या काठी टेकत उतारापाशी गेल्या, उकरलेल्या मातीतनं दमवेलीचं एक मूळ उचललं, पदराला पुसलं आणि पदरातच बांधून घरी आणलं. तेव्हापासून औषधाला कुणी आलं की म्हणतात, सरकारी दवाखान्यात जा. तो दवाखाना बोटीच्या वाटेवर आहे, आणि बोट डिझेल असेल तेव्हा.

आता जैवविविधतेकडे येते. मी गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. कागदावर. 2002 चा कायदा म्हणतो की प्रत्येक गावानं लोक जैवविविधता नोंदवही करायची. बरीच वर्षं कुणाला आठवण नव्हती. मग हरित लवादानं तंबी दिली की 31 जानेवारी 2020 पर्यंत हे झालं नाही तर राज्याला महिन्याला 10 लाख दंड. झाली की पळापळ! एका संस्थेची पोरं गाडीतून आली, ग्रामपंचायतीत बसली, आमच्या सह्या घेतल्या, चहा पिऊन गेली. आत्यांना कुणी एक शब्द विचारला नाही. पुढं वही हातात पडली तेव्हा मी चाळली. त्यात वड आहे, पिंपळ आहे, तुळस आहे, आणि एका पानावर चक्क खारफुटी आहे! सह्याद्रीच्या माथ्यावर खारफुटी. कोकणातल्या कुठल्या तरी गावाची वही उचलून नाव बदललंय. नरक्या त्यात नाही. वावडिंग नाही. म्हणून परवा आम्ही काम अडवायला गेलो तेव्हा कामावरचे साहेब शांतपणे म्हणाले, "तुमच्याच नोंदवहीत इथं दुर्मीळ काही नाही." घ्या. आमच्याच सहीनं.

शिवाय त्याच कायद्यातली 2023 ची दुरुस्ती. ग्रंथात लिहिलेल्या पारंपरिक ज्ञानावर आता गावाला लाभाचा वाटा द्यायला नको, नोंदणीकृत आयुष वैद्यांनाही सूट. म्हणजे कंपनीनं म्हणायचं हे चरकात आहे, आणि सुटायचं. आमच्या आत्या चरकात नाहीत. त्याच दुरुस्तीनं या कायद्यातली तुरुंगाची शिक्षाही काढली, आता नुसता दंड. आणि माझ्या लेकावर मात्र मागच्या वर्षी गुन्हा नोंदला गेला, हिरड्याच्या एका पिशवीसाठी. अभयारण्याच्या हद्दीत आला म्हणे. हद्द कुठं आहे ते दाखवा म्हटलं तर गार्डनं मोबाइल वर करून फिरवला, रेंज नव्हती. तारखांना कंटाळून पोरगा वाशीच्या मार्केटला माथाडीत गेला, त्याच्या बापासारखा, आज्यासारखा. गाइडचं प्रशिक्षण घेतलेला पोरगा. प्रमाणपत्र आहे, लॅमिनेट केलेलं. सड्यावरच्या फुलांची नावं मराठीतनं आणि शास्त्रीय, दोन्ही पाठ. आता तो कांद्याच्या गोणी उचलतो.

होम स्टेचं तर बोलायलाच नको. बचत गटाचं कर्ज काढून दोन खोल्या आणि संडास बांधला. कमोड लागतो म्हणाले, कमोड बसवला. गाद्या आणल्या. नोंदणीचा अर्ज तालुक्याला गेला, तिथून जिल्ह्याला, तिथून कुठं गेला ते त्या अर्जालाच माहीत. पाहुणे आले, नाही असं नाही, पण त्यातले निम्मे विचारतात, "इथं वाय-फाय नाही? पार्टीला परवानगी आहे ना?" पलीकडच्या धारेवर डोंगर फोडून रिसॉर्ट उभं राहिलं, रात्री त्याचे दिवे आमच्या अंगणात पडतात. त्याला कुठल्या नियमानं परवानगी मिळाली ते विचारलं तर माहिती अधिकाराचं उत्तर इंग्रजीत आलं, तेही अर्धं. हप्ता मात्र दर महिन्याला मराठीत येतो. माझे गुडघे गेलेत, आत्यांची नजर गेली, नवऱ्याची पाठ मार्केटात गेली. हे सगळं विषयाला सोडून आहे, कळतं मला. पण विषय कुठं सुरू होतो आणि आमचं आयुष्य कुठं संपतं हे तुमच्या खात्यानं वेगळं करून द्यावं.

कासचं उदाहरण जवळच आहे. 2012 साली युनेस्कोच्या यादीत पश्चिम घाटातली 39 ठिकाणं गेली, त्यात कास, कोयना, चांदोली, राधानगरी ही आपली चार. कासला गर्दी उसळली म्हणून तारेचं कुंपण ठोकलं. आसपासची म्हातारी माणसं तेव्हाच सांगत होती, गुरं थांबवू नका, गवत माजेल, फुलं दबतील. कोण ऐकतो? पुढं फुलं कमी झाल्याची ओरड झाली, अभ्यासकही चराईचं बोलायला लागले, आणि तेच कुंपण काढलं. ठोकायचं बिल निघालं, काढायचंही निघालं असणार. तिथं निदान गावांच्या समित्या आहेत, दिवसाला पर्यटकांची मर्यादा आहे, तिकिटाचे पैसे गावाच्या पोरांच्या हातात दिसतात. गावानं चालवलेलं पर्यटन आम्हाला नको असं कुणी म्हटलंय? ठेकेदारानं चालवलेलं नको.

आणि आता नवीन महाबळेश्वर हा गिरिस्थानाचा प्रकल्प. सुरुवातीच्या आराखड्यातच 235 गावं, 1153 चौरस किलोमीटर. सातारा, जावळी, पाटण आणि महाबळेश्वर तालुक्यांतली. नियोजन कुणाकडे? रस्ते विकास महामंडळाकडे! जंगलाचं नियोजन रस्तेवाल्यांनी करायचं. जुन्या महाबळेश्वराला 2001 साली केंद्रानं पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केलं, तरी तिथं आज मे महिन्यात गाडी लावायला जागा नाही आणि प्यायला टँकर. ते एक पुरलं नाही म्हणून दुसरं. दुसरीकडे दिल्लीहून पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचे मसुदे येतात. 2014 ला पहिला, 31 जुलै 2024 ला सहावा, वायनाडला डोंगर कोसळला त्याच्या दुसऱ्या दिवशी. महाराष्ट्राचं 17,340 चौरस किलोमीटर त्यात आहे. दहा वर्षांत सहा मसुदे, प्रत्येक वेळी हरकती मागवायच्या, मुदत संपू द्यायची, पुन्हा काढायचा. एक सरकार आमच्या डोंगराला हात लावू नका म्हणतं, दुसरं त्याच डोंगरावर रोप-वे आणि रिसॉर्ट आखतं. दोन्हींच्या मधे आम्हाला गोठ्याचं छप्पर बदलायला परवानगी लागते.

धरण झालं तेव्हा खालची भाताची खाचरं पाण्याखाली गेली. राज्याला वीज मिळाली; कोयनेच्या काठच्या वाड्यांत दिवे किती उशिरा लागले ते विचारू नका. पुनर्वसनाच्या फायली अजून फिरतायत, ज्यांच्या नावानं फिरतायत ती माणसं गेली. मग 1985 ला कोयना अभयारण्य झालं, 2010 ला व्याघ्र प्रकल्प झाला, दर वेळी वरचा डोंगर थोडा थोडा आकसला. प्रत्येक वेळी आम्हाला सांगितलं गेलं की देशासाठी, जंगलासाठी, वाघासाठी सोसा. सोसलं. आता कुणाच्या वीकेंडसाठी सोसायचं ते तरी नाव घेऊन सांगा.

त्या उतारावर आता 'औषधी वनस्पती उद्यान' होणार आहे, फलक तयार आहे, मी बघितलाय. नर्सरीतून कुंड्या येणार : कोरफड, गवती चहा, इन्सुलिनचं झाड. खाली पितळी पाट्या. असलेला नरक्या उपटायचा आणि कुंडीतल्या कोरफडीला 'संवर्धन' म्हणायचं! पैसे किती तेही फलकावर नाही. गावात कुणी दोन कोटी म्हणतं, कुणी पाच. खरं काय ते तुम्ही सांगा, म्हणजे आमची तोंडं बंद होतील.

मागण्या थोड्याच आहेत. काम आज थांबवा. पाऊस तोंडावर आलाय. सड्यावरचा मुरूम मृगाच्या आत उचलला तर खालचे कंद कदाचित वाचतील, नंतर उचलून उपयोग नाही. निविदा, नकाशा आणि झाडांची मोजणी मराठीत ग्रामसभेपुढं ठेवा. नोंदवही नव्यानं करा, आत्यांसारख्या माणसांना बरोबर घेऊन, आणि त्यांना त्या दिवसाची मजुरी द्या. उपटलेल्या नरक्याचं लाकूड कुठल्या ट्रकमधून कुठं गेलं त्याचा पास दाखवा. हिरड्याच्या पिशवीला पास लागतो, तर याला लागतच असेल. गाइड म्हणून घेणार होतात त्या पोरांची यादी तुमच्याच कार्यालयात आहे, ती उघडा.

'आपला अर्ज योग्य त्या विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे' असं उत्तर पाठवू नका. ते माझ्याकडे आधीच आहे, दोन वेगवेगळ्या विभागांचं, एकमेकांकडे वर्ग केलेलं.

आपली,
जैवविविधता समितीची एक सदस्य (कागदावरची)

ता. क. पाहणीला येणार असाल तर ताफा खाली बामणोलीलाच ठेवा आणि लाँचनं या. डिझेल आम्ही वर्गणी काढून भरू.